स्क्रॅचमधला गेम पहिल्यांदा नीट चालतो आणि परत झेंडा दाबला की बिघडतो, ते का आणि त्यावर काय करायचं

"ताई, माजो स्कोर सतरापासून कित्याक सुरू जाता?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, तिसऱ्या नाहीतर चौथ्या रविवारी, अगदी ठरल्यासारखा. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या माडीवर मी पाचवी ते आठवीच्या मुलांना स्क्रॅच (रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडून गेम करायचं प्रोग्रामिंगचं अ‍ॅप) शिकवते, पाच जुने लॅपटॉप, दोन टॅब आणि चौदा-पंधरा मुलं. पहिले दोन रविवार मांजर चालवण्यात आणि तिला म्याव करायला लावण्यात जातात, मग आम्ही आंबा झेलायचा गेम घेतो, वरून हापूस पडतोय आणि खाली टोपली डावी-उजवीकडे सरकवून तो पकडायचा, एक आंबा एक गुण. गेम पहिल्यांदा मस्त चालतो, घरी दाखवायचं म्हणून मूल परत हिरवा झेंडा (गेम सुरू करायचं बटण) दाबतं आणि तिथून सगळं बिनसतं.

गंमत अशी की तक्रार प्रत्येकाची वेगळी दिसते त्यामुळे हा एकच आजार आहे हे पटकन लक्षातच येत नाही. एकाचा स्कोर शून्याऐवजी सतरावर. एकीचं "ताई, आंबो खंय गेलो?", म्हणजे आंबा पडद्यावर दिसतच नाहीये. एकाची टोपली दर वेळी थोडी थोडी मोठी होत आता अर्धा पडदा व्यापून बसलीय. कुणाच्या मागच्या चित्रावर अजून "गेम संपला" लिहिलेलं आहे आणि त्याच्यावरच आंबे पडतायत. आणि एका मुलाचा आंबा तर एवढ्या जोरात पडत होता की नुसती पिवळी रेघ दिसायची, त्याला वाटलं लॅपटॉपच बिघडला.

पहिल्या बॅचला मीसुद्धा चुकीच्या ठिकाणी शोधत होते. अ‍ॅप काढून परत टाकलं, फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर नेऊन बघितली, तिथे पण स्कोर सतराच. खरं तर तिथेच उत्तर होतं. स्क्रॅचची फाइल सेव्ह होते तेव्हा ब्लॉकसोबत व्हेरिएबलमधला (म्हणजे स्कोरसारखा आकडा ठेवायच्या डब्यातला) आकडा, स्प्राइट (आंबा, टोपली असं पडद्यावरचं एकेक पात्र) कुठे उभा आहे, केवढा आहे, दिसतोय की लपलाय, हे सगळं पण तसंच सेव्ह होतं. म्हणून पेनड्राइव्हवरून घरी नेलं तरी सतरा घरी जातात. मशीन बदलून, अ‍ॅप बदलून काही होणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

मूळ गैरसमज हिरव्या झेंड्याबद्दलचा आहे. मुलांना (आणि मोठ्यांना पण, आमच्या वाचनालयात बसणाऱ्या दोन पालकांना हेच वाटत होतं) असं वाटतं की झेंडा म्हणजे "नव्याने सुरू". तसं नाहीये. झेंडा फक्त एवढंच करतो की "व्हेन फ्लॅग क्लिक्ड" या पिवळ्या ब्लॉकच्या खाली जे जोडलंय ते चालू करतो. लाल बटण चालू असलेलं थांबवतं, तयार झालेले क्लोन (गेम चालू असताना केलेल्या स्प्राइटच्या नकला) पुसतं, पण स्कोर, जागा, आकार याला हात लावत नाही.

मी मुलांना कॅरमचं विचारते. एक डाव संपला, सोंगट्या खिशात गेल्या, आता दुसरा डाव खेळायचा तर सोंगट्या मध्ये कोण रचतं? आपणच ना, "चल रे सुरू" असं ओरडल्याने त्या आपोआप बाहेर येत नाहीत. झेंडा म्हणजे ते ओरडणं. सोंगट्या रचायचे ब्लॉक आपल्याला लिहावे लागतात. एवढं कळलं की अर्धी मुलं तिथल्या तिथे स्वतःच दुरुस्त करतात.

यात गोंधळ वाढवणारी एक गोष्ट आहे ती सांगून ठेवते. झेंडा दाबल्यावर काही थोड्या गोष्टी खरोखर आपोआप पूर्ववत होतात, टायमर शून्य होतो आणि रंग बदलणं, पुसट करणं असले ग्राफिक इफेक्ट निघून जातात. त्यामुळे एखाद्या मुलाने आधी घोस्ट इफेक्ट वापरून भूत केलेलं असेल आणि ते दर वेळी नीट परत येत असेल तर त्याचा पक्का समज होतो की सगळंच असं परत येतं. नाही येत. जागा, दिशा, आकार, कॉस्च्युम (स्प्राइटचं रूप), मागचं चित्र, शो-हाइड, सगळी व्हेरिएबल, सगळ्या लिस्ट, हे जिथे सोडलं तिथेच राहतं. पेनने काढलेल्या रेघा पण तशाच राहतात, त्यासाठी सुरुवातीला "इरेज ऑल" लावायचं (जुन्या व्हिडिओंमध्ये पेनचे ब्लॉक बाजूच्या यादीतच दिसतात, जानेवारी २०१९ मध्ये स्क्रॅच ३.० आलं तेव्हापासून ते खाली डाव्या कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शनच्या बटणातून आणावे लागतात, मुलं तिथे फार शोधत बसतात).

आता शोधायचं कसं. माझी पद्धत अशी की लॅपटॉप बाजूला सरकवून वही काढायची, मधे एक रेघ मारून दोन रकाने. डावीकडे गेम चालू असताना जे जे बदलतं ते लिहायचं. एकेक स्प्राइट उघडून ब्लॉक वाचत जायचं आणि "चेंज", "हाइड", "स्विच", "गो टू", "ग्लाइड", "टर्न" यातला कुठलाही शब्द दिसला की ती गोष्ट डावीकडे. मग उजवीकडे, ती गोष्ट डाव सुरू होताना कशी असायला हवी ते. आमच्या आंब्याच्या गेममध्ये डावीकडे येतं, स्कोर, वेग, आंब्याची जागा, आंबा दिसतो का, टोपलीची जागा, टोपलीचा आकार, मागचं चित्र. उजवीकडचा रकाना भरला की तोच तुमचा सुरुवातीचा कोड, तो तसाच्या तसा झेंड्याखाली लावायचा. जो डावीकडे आहे पण उजवीकडे रिकामा आहे तिथे तुमचा घोटाळा आहे, शंभरातल्या नव्वद वेळा तरी.

उजवीकडचं लावताना एक गोष्ट नीट बघा, "सेट" पाहिजे, "चेंज" नाही. हे दोन ब्लॉक शेजारी शेजारी आणि एकाच रंगाचे, मुलं घाईत कुठलाही ओढतात. "चेंज स्कोर बाय ०" लावून "ताई मी शून्य केला तरी होत नाही" म्हणणारं एक तरी मूल असतंच. चेंज म्हणजे आत्ता जे आहे त्यात एवढं घाल, म्हणजे सतरात शून्य घातलं तर सतराच राहणार. सेट म्हणजे आधी काय होतं ते विसर आणि एवढं कर. आधीच्या डावाची आठवण तोडायची असेल तर सेटच.

जोरात पडणाऱ्या आंब्याचं पण हेच होतं. त्या मुलाने छान विचार करून "वेग" नावाचं व्हेरिएबल केलं होतं, सुरुवातीला ते हाताने उणे ५ करून ठेवलेलं, आणि दर आंब्याला एकाने कमी म्हणजे आंबा अजून जोरात. स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच, मधोमध शून्य, म्हणजे वाय वर १८० आणि खाली उणे १८०. त्याचा आंबा वाय १७० वरून उणे १७० ला यायचा, ३४० चं अंतर, फॉरेव्हरचा (आतले ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवत राहणारा ब्लॉक) फेरा सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो, तर दर फेऱ्याला ५ म्हणजे आंबा सव्वादोन सेकंदात खाली. पंधरा आंबे पकडल्यावर वेग उणे २० झाला आणि तेच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपायला लागलं. तिथे डाव संपला. दुसरा डाव सुरू होताना वेग उणे २० वरूनच चालू! फळ्यावर त्याच्याकडूनच हा हिशोब करून घेतला तेव्हा लॅपटॉप चांगला आहे याचा त्याला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. एक "सेट वेग टू उणे ५", विषय संपला.

आंब्याच्या स्प्राइटची सुरुवात आमच्याकडे शेवटी अशी होते, ब्लॉक इंग्रजीत दिसतात म्हणून नावं तशीच लिहितेय:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
सेट स्कोर टू ०
सेट वेग टू -५
सेट साइझ टू १००
गो टू एक्स ० वाय १७०
शो
फॉरेव्हर (आणि याच्या आत बाकीचा सगळा गेम)

टोपलीचं तिच्या स्प्राइटमध्ये वेगळं, मागच्या चित्राचं स्टेजमध्ये (मागच्या पडद्याचे ब्लॉक लावायची जागा) वेगळं. गायब आंब्याचा इलाज त्या एका "शो" मध्ये आहे, पकडल्यावर "हाइड" केलेला आंबा परत दाखवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

झालं की तपासायचं कसं? नुसता झेंडा दाबून "चालतंय" म्हणू नका. आधी मुद्दाम बिघडवा. आंबा माउसने ओढून कोपऱ्यात टाका, टोपली मोठी करा, डाव अर्ध्यात लाल बटणाने तोडा, आणि मग झेंडा दाबा. एवढी नासधूस करूनही डाव तिथूनच सुरू झाला जिथून व्हायला हवा तर पक्कं. मी मुलांना शेजारच्याचा गेम बिघडवायला देते, ते काम फार मन लावून करतात.

हे सगळं करूनही शून्य होत नसेल तर पुढचं बघा.

सेटचा ब्लॉक चुकून फॉरेव्हरच्या आत गेलाय का, तसं असेल तर स्कोर शून्याच्या पुढे टिकतच नाही, एक होतो आणि लगेच परत शून्य. सेट नुसता शेजारी ठेवलाय पण जोडलेला नाही असं पण असतं, टॅबवर बोटाने ओढताना हे जास्त होतं, वरचा पिवळा ब्लॉक धरून हलवा आणि सगळी माळ सोबत येते का बघा. तिसरं जरा अवघड आहे. व्हेरिएबल करताना स्क्रॅच विचारतं, सगळ्या स्प्राइटसाठी का फक्त याच स्प्राइटसाठी. मुलाने आंब्यात "फक्त याच" निवडून स्कोर केला आणि टोपलीत गेल्यावर तो दिसेना म्हणून तिथे पुन्हा एक स्कोर केला, तर ते दोन वेगळे डबे आहेत, नाव एक असलं म्हणून काय झालं. एक शून्य केला तरी दुसरा सतराच. ओळखायची खूण सोपी आहे, पडद्यावरच्या आकड्याच्या चौकटीत व्हेरिएबलच्या नावाआधी स्प्राइटचं नाव दिसत असेल तर तो एकट्याचा डबा. स्कोर, वेग, लाइफ हे कायम सगळ्यांसाठी करा.

स्कोर एका आंब्याला एकदम वीस-तीसने वाढतो हा मात्र वेगळा त्रास आहे, त्याला सुरुवातीच्या सेटने फरक पडणार नाही. आंबा टोपलीला टेकलेला असतो तेवढा वेळ फॉरेव्हर दर फेऱ्याला एक गुण देत राहतं. गुण दिल्या दिल्या आंबा "गो टू" ने वर पाठवा म्हणजे टेकलेला राहतच नाही.

आता खरा छळणारा प्रकार. या वर्षी सातवीतल्या एका मुलीने गेममध्ये तीन लाइफ टाकल्या. स्टेजमध्ये झेंड्याखाली "सेट लाइफ टू ३" व्यवस्थित लावलेलं. आंब्यामध्ये वेगळ्या झेंड्याखाली "वेट अंटिल लाइफ = ०" आणि त्याच्याखाली "स्टॉप ऑल". पहिला डाव छान झाला, लाइफ संपल्या, गेम थांबला. नंतर झेंडा दाबला की काहीच होईना. दाबा, दाबा, दाबा, लाइफ शून्यच. सेट आहे, जोडलेलं आहे, व्हेरिएबल सगळ्यांसाठीचं आहे, तरीही. दीड तास ती आणि मी बसलो होतो, मधेच लाइट गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर पुढे चालू ठेवलं (ऑफलाइन अ‍ॅपमध्ये आपणहून सेव्ह होत नाही, पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी फाइलमध्ये जाऊन सेव्ह करायची सवय मुलांना लावाच).

घोळ असा होता. झेंडा दाबल्यावर सगळ्या स्प्राइटमधल्या झेंड्याच्या माळा सुरू होतात, आपल्याला वाटतं एकदम, पण कॉम्प्युटर आतून त्या एकामागून एक घेतो. इथे आंब्याची माळ आधी आली. तिने बघितलं लाइफ किती, तर मागच्या डावाची शून्य तशीच पडलेली, अट पूर्ण, पुढचा ब्लॉक स्टॉप ऑल. सगळं थांबलं. स्टेजची "सेट लाइफ टू ३" वाली माळ सुरू व्हायच्या आधीच मेली. म्हणून लाइफ शून्यच राहिली, म्हणून पुढच्या झेंड्याला परत तेच. गेमला आतून कडी लागली.

आत्तापुरती कडी काढायला डावीकडच्या यादीतला "सेट लाइफ टू" ब्लॉक घ्या, त्यात ३ टाका आणि त्याच्यावर तिथल्या तिथे नुसतं क्लिक करा, तो एकटा चालतो, मग झेंडा दाबला की गेम सुरू होईल. पण डाव संपला की परत अडकणार. कायमचा उपाय म्हणजे अख्ख्या गेममध्ये झेंडा एकच ठेवायचा. स्टेजमध्ये:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
सेट लाइफ टू ३
सेट स्कोर टू ०
सेट वेग टू -५
स्विच बॅकड्रॉप टू बाग
ब्रॉडकास्ट सुरू

आणि बाकी प्रत्येक स्प्राइटमध्ये झेंड्याचा पिवळा ब्लॉक काढून "व्हेन आय रिसीव्ह सुरू" लावायचा. आता आधी सगळे आकडे जागेवर बसतात, त्यानंतरच हाक जाते. आंब्याच्या माळेत वर जे स्कोर आणि वेगाचे सेट होते ते काढून टाका, ते स्टेजकडे आले. आंब्याची स्वतःची जागा, आकार, शो मात्र आंब्यातच राहू द्या.

आमच्याकडे हे समजवायला दशावतार, आमच्या कोकणातलं लोकनाट्य, आहे त्यामुळे मला फार सोपं जातं. जत्रेत नाटक कुठल्याही गावात असो, रात्री आधी सूत्रधार, मग गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर असा आडदशावतार होतो आणि त्याच्यानंतर आख्यान, म्हणजे मुख्य कथा, लागतं. काल शेजारच्या गावात गणपती येऊन गेला म्हणून आज थेट लढाईपासून सुरू करू असं कुणी म्हणत नाही. आणि राक्षसाचं काम करणारा आपल्या मनाने मध्येच पुढे येत नाही, त्याची वेळ आली की येतो. स्टेजची माळ म्हणजे आडदशावतार, ब्रॉडकास्ट झाला की आख्यान. ती मुलगी हे ऐकून म्हणाली "म्हणजे माजो संकासुर गणपतीच्या आधी इलो", आणि तेव्हापासून आमच्या वर्गात या चुकीला हेच नाव आहे.

काही जण म्हणतील की क्रमच बदलून घ्या, स्टेजची माळ पहिली येईल असं काहीतरी करा. तसं करू नका. कुठला स्प्राइट पुढे, कुठला मागे यावर तो क्रम हलतो, आज चाललं ते उद्या एक स्प्राइट वाढवल्यावर बंद पडेल. ब्रॉडकास्ट लावायला दोन मिनिटं लागतात.

क्लोन वापरत असाल तर एवढंच, क्लोन झेंड्याला उत्तर देत नाही, त्याची सुरुवात "व्हेन आय स्टार्ट अ‍ॅज अ क्लोन" खाली होते आणि तो मूळ आंबा ज्या अवस्थेत आहे ती तशीच घेऊन जन्मतो. मूळ आंबा लपवलेला असेल तर क्लोन पण लपलेलाच, म्हणून "शो" तिथे पण हवा. खाली पोचल्यावर "डिलीट धिस क्लोन" विसरलात तर ३०० झाले की नवीन आंबा पडायचा बंद होतो.

शेवटचं फक्त आपल्याकडचं दुखणं आहे, ते इंग्रजी व्हिडिओत सापडणार नाही. टॅबवर मराठी कीबोर्ड चालू असताना मुलं ब्लॉकमध्ये मराठी आकडा टाकतात. "चेंज" किंवा "गो टू" सारख्या ब्लॉकमध्ये तो बसतच नाही म्हणून लगेच कळतं, पण "सेट" आणि तुलना करणाऱ्या हिरव्या ब्लॉकमध्ये अक्षरं पण चालतात त्यामुळे तो निमूट बसतो. स्क्रॅचला मराठी ३ हा आकडा वाटत नाही, ते एक अक्षर वाटतं, आणि हिशोब करताना असल्या अक्षराची किंमत ते शून्य धरतं. म्हणून पडद्यावर लाइफ ३ दिसते आणि पहिलाच आंबा सुटला की एकदम उणे १ होते, आणि शून्य मधे कधी लागलंच नाही म्हणून गेम संपतही नाही. तसंच "स्कोर > १०" मधला दहा मराठी असेल तर पन्नास आंबे पकडले तरी "जिंकलास" येणार नाही. मी या पोस्टमध्ये सगळे आकडे मराठीत लिहिलेत, पण ब्लॉकमध्ये टाकताना ते इंग्रजीतच टाका. आकडा तीनवरून थेट उणे एकवर गेला की दुसरं काही तपासायच्या आधी कीबोर्ड इंग्रजी करा, जुना आकडा पूर्ण खोडा, आणि नवीन टाइप करा.